एक दिवस गाडी जागेवरच राहू द्या

मे महिन्याची शाळांची हाफ-टर्म सुट्टी जवळ आली की इंग्लंडमधल्या मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते: यंदा कुठे जायचं? या चर्चेत हल्ली कॅरॅव्हॅन पार्कचं नाव वरचेवर निघतं, आणि ते बरंच आहे. स्वतःची कॅरॅव्हॅन असायलाच हवी, ती गाडीला जोडून ओढत न्यायलाच हवी, असं काही नाही. पार्कात कायमच्या उभ्या असलेल्या, दोन-तीन झोपायच्या खोल्यांच्या स्टॅटिक कॅरॅव्हॅन भाड्यानं मिळतात. स्वयंपाकघर हाताशी असतं. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आई-बाबांना पहाटे पाचला जाग आली तर चहासाठी कुणाची वाट बघावी लागत नाही. मुलं दार उघडतात ती थेट हिरवळीवर.

पुढे मात्र आपण महाबळेश्वरला जे करतो तेच करतो. पॉइंट बघत सुटतो. सकाळी डबे भरायचे, सगळ्यांना गाडीत कोंबायचं, दिवसाला तीन ठिकाणं ‘करायची’. यॉर्कशर डेल्समधले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, समोरून ट्रॅक्टर आला की शंभर मीटर मागे घ्यायचं. मागच्या सीटवर एकाला मळमळतं, दुसऱ्याला बाथरूमला जायचं असतं. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत पार्किंग भरलेलं. संध्याकाळी सगळे दमून परत येतात आणि ज्या फाटकातून गाडी आत शिरते, त्याच फाटकाशी उभ्या असलेल्या लाकडी खांबाकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्या खांबावर ‘पब्लिक फुटपाथ’ असं लिहिलेलं असतं आणि बाणानं शेताकडे बोट दाखवलेलं असतं.

माझं सांगणं एवढंच आहे. आठवडाभर राहणार असाल तर त्यातला निदान एक दिवस गाडी जागेवरून हलवू नका. त्या बाणाच्या दिशेनं सहकुटुंब पायी निघा. आणि किती चालायचं हे घरात जो सगळ्यांत कमी चालतो त्याला ठरवू द्या.

ती वाट तुमचीही आहे

आपल्यातले बरेच जण त्या वाटेला लागत नाहीत, याचं कारण आळस नव्हे. कारण आहे संकोच. वाट कुणाच्या तरी शेतातून जाते. मध्ये कुणाचं तरी घर लागतं, अंगणातला कुत्रा भुंकतो. ‘मालकानं हटकलं तर काय सांगायचं? उगाच परक्या मुलखात भानगड नको’, असा विचार मनात येतो आणि पावलं गाडीकडे वळतात.

तर सरळ सांगतो. जमीन खासगी असली तरी त्यावरून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटेवर चालायचा हक्क कायद्यानं सर्वांना आहे. त्यासाठी पासपोर्ट कुठला हे कुणी विचारत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटांचं जाळं सुमारे 2 लाख 25 हजार किलोमीटरचं आहे. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. निळा बाण असेल तर त्या वाटेवर घोडे आणि सायकलीही येऊ शकतात. ओकच्या फळाचं चित्र दिसलं तर तुम्ही एखाद्या राष्ट्रीय लांब पल्ल्याच्या वाटेवर आहात. वाट शेतातून गेली असेल तर ती मोकळी ठेवणं ही शेतकऱ्याची जबाबदारी आहे, आणि ती सोडून पिकात न शिरणं ही आपली. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे आणि तो चालणाऱ्यांना याहूनही मोकळीक देतो.

हा हक्क कुणी ताटात वाढून दिलेला नाही. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टरकडचे काहीशे तरुण, बहुतेक कामगार, पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउट या डोंगरावर मुद्दाम बेकायदा चढले. तो डोंगर तेव्हा जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेला होता. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन फक्त 20 वर्षांचा होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. पण विषय पेटला. 1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागातल्या वाटांचा कायदा झाला, 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं आणि 1954 मध्ये यॉर्कशर डेल्सचा नंबर लागला. पेनाइन वे ही 268 मैलांची पहिली राष्ट्रीय वाट 1965 मध्ये खुली झाली ती याच डेल्समधल्या मॅलमच्या माळावर. तारीख होती 24 एप्रिल. किंडरच्या चढाईला त्या दिवशी बरोबर 33 वर्षं झाली होती.

सुट्टीत फिरायला आलेल्या कारखान्यातल्या पोरांनी मिळवलेला हा हक्क आहे. मुंबई-पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या माणसानं तो बजावताना बिचकायचं काहीच कारण नाही. हटकलंच कुणी, तर हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणा आणि बाण दाखवा. बहुतेक वेळा शेतकरीच पुढची वाट समजावून सांगतो.

एक गाव, तीन वाटा

उदाहरण म्हणून वर आलेलं मॅलमच घेऊ. स्किप्टनपासून सुमारे 18 किलोमीटरवरचं हे लहानसं खेडं. लीड्स-ब्रॅडफर्डच्या आपल्या लोकांना तासा-दीड तासाचं. गावात आणि आजूबाजूच्या खोऱ्यांत तंबूंच्या नि कॅरॅव्हॅनच्या जागा आहेत. गावातून तीन सोप्या वाटा निघतात. एका दिवसाला एकच करा.

पहिली वाट मॅलम कोव्हच्या पायथ्याची. जाताना जेमतेम दीड किलोमीटर, जवळपास सपाट, चांगली बांधलेली. मोठ्या चाकांची बाबागाडी जाते, गुडघे दुखणारी आजीही जाते. समोर सुमारे 80 मीटर उंच आणि 300 मीटर रुंद असा कमानदार कडा उभा राहतो. सह्याद्रीच्या काळ्या कातळाला सरावलेल्या डोळ्यांना तो पांढुरका रंग जरा चुकल्यासारखा वाटतो. आजोबांनी नातवंडांना इथे एक गोष्ट जरूर सांगावी. आपला सह्याद्री ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. हा कडा चुनखडीचा, म्हणजे समुद्राच्या तळाशी साठलेल्या शंख-शिंपल्यांचा आणि बारीक जीवांच्या सांगाड्यांचा, आणि तो 30 कोटी वर्षांहून जुना. हिमयुग संपताना वितळलेल्या बर्फाचं पाणी या कड्यावरून धबधब्यासारखं कोसळत होतं. पुढे ते जमिनीखाली मुरायला लागलं आणि कडा कोरडा पडला. डिसेंबर 2015 मधल्या डेसमंड वादळात इतका पाऊस झाला की थोड्या काळासाठी तो धबधबा पुन्हा वाहिला. एरवी पाणी कड्याच्या बुडातून निमूट बाहेर येतं आणि मुलं त्यात हात बुडवून ‘कसलं गार आहे!’ म्हणून ओरडतात. वसंतात कड्यावर बहिरी ससाणे घरटं करतात. दुर्बीण असेल तर न्या.

ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी बाजूच्या सुमारे 400 पायऱ्या चढून माथ्यावर जायला हरकत नाही. तिथे खडकाची फरसबंदी पसरली आहे, मोठाल्या लाद्या आणि त्यांच्यामध्ये खोल फटी. हॅरी पॉटरच्या सातव्या भागाचं चित्रीकरण इथे झालं, हे मुलांना सांगितलं की पायऱ्या भराभर चढल्या जातात. वर पोचल्यावर नुसता फोटो काढून परतू नका. गुडघ्यावर बसा आणि एखाद्या फटीत वाकून बघा. वर नुसता बोडका दगड आणि वारा, आत मात्र हातभर खोलीवर ओलसर सावलीत लांबट जिभेसारख्या पानांचं नेचं वाढलेलं दिसेल. शेजारी रानातल्या झाडोऱ्यात सापडणारी नाजूक रोपटी. मेंढीचं तोंड तिथे पोचत नाही, वारा लागत नाही, म्हणून ती टिकली. या फटी पावसानंच पाडलेल्या आहेत. पावसाचं पाणी किंचित आम्ल असतं आणि चुनखडी त्यात हळूहळू विरघळते. एक सूचना मात्र पाळा. हा दगड हजारो बुटांनी घासून गुळगुळीत झालाय. ओला असेल तर वर जाऊ नका, आणि कड्याच्या कडेला लहान मुलांचा हात सोडू नका.

दुसरी वाट सगळ्यांत छोटी आणि फारशी कुणी न धरलेली. गावाच्या दक्षिणेला, कुरणांतून, एका किलोमीटरच्या आतबाहेर. एअरहेड नावाची ही जागा आहे. इथे जमिनीतून झरे फुटतात. बघायला भव्य काही नाही, गवतात बुडबुडणारं स्वच्छ पाणी एवढंच. पण गंमत अशी आहे की वर मॅलम टार्न या तळ्यापासून निघालेला ओढा थोड्या अंतरावर जमिनीत गडप होतो. तो कोव्हच्या बुडातून बाहेर येत असेल असं कुणालाही वाटेल, तसं होत नाही. ते पाणी गावाखालून वाट काढत इथे, एअरहेडला येतं. कोव्हचं पाणी वेगळ्याच ठिकाणाहून येतं. हे दोन्ही प्रवाह गावाखाली एकत्र येतात आणि एअर नदी होते. तीच एअर पुढे लीड्स शहराच्या मधून वाहते. लीड्सच्या मुलांना त्यांच्या नदीचा उगम दाखवायला ही सहल पुरेशी आहे. येता-जाता तासाभराचं काम.

तिसरी वाट जॅनेट्स फॉसची. सव्वादोन किलोमीटरच्या आसपास, आधी शेतांतून, मग ओढ्याकाठच्या झाडीतून. एप्रिलच्या शेवटापासून मेअखेरपर्यंत जाल तर झाडीत शिरायच्या आधीच लसणाचा वास येईल. पांढऱ्या फुलांची रानलसूण तिथे सगळीकडे पसरलेली असते. शेवटी लहानसा धबधबा आणि त्याच्या पायथ्याशी डोह. परीराणी जॅनेट धबधब्यामागच्या गुहेत राहते अशी गावाची दंतकथा आहे. पूर्वी याच डोहात मेंढ्या धुवायच्या, लोकर कातरण्याआधी. तीन-चार वर्षांच्या मुलाला एवढं ठिकाण पुरतं. मोठ्यांना हुरूप असेल तर आणखी किलोमीटरभर पुढे गोरडेल स्कारची घळ आहे. तिच्या पायथ्यापर्यंतची वाट सपाट आहे, तिथून परत फिरा. वर धबधब्याच्या कातळावरून चढणारी वाट सोप्या वाटांत मोडत नाही. ही सगळी ठिकाणं जोडणारी 8 किलोमीटरची फेरी प्रसिद्ध आहे, पण बाबागाडी आणि आजी-आजोबा सोबत असताना ती हातात घेऊ नका.

तिसऱ्या वाटेवर गडगे ओलांडावे लागतात, ते नीट पाहण्यासारखे आहेत. कोकणातल्या माणसाला गडगा नवा नाही. डेल्समध्ये असे 8 हजार किलोमीटर गडगे आहेत, चुना-सिमेंटचा थेंब नसलेले. दोन बाजूंच्या भिंती वर जाताना एकमेकींकडे कलत जातात. मधल्या पोकळीत बारीक दगड ठासलेले असतात आणि अधूनमधून एक लांब दगड आरपार घालून दोन्ही भिंती बांधून घेतलेल्या असतात. काही ठिकाणी माणसांसाठी फट ठेवलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या शिळा असतात आणि फट वर रुंद, खाली अरुंद असते. माणूस एक पाय टाकून तिरका आत सरकतो, मेंढीचं अंग मात्र अडकतं. सडपातळ नात पटकन पलीकडे जाते आणि आजोबांचं पोट अडतं, की मग हशा होतो. अशी फट किंवा पायऱ्या असतील तिथूनच ओलांडा. मधूनच गडग्यावर चढलात तर वरचे दगड सुटतात, आणि एकदा भगदाड पडलं की मेंढ्या बाहेर.

अंतर कोणी ठरवायचं?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये एक हिशेब मांडला होता, तो आजही वापरतात. सपाटीवर तासाला 3 मैल धरा आणि दर 2,000 फूट चढाला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा. कुटुंबाचा वेगळा असतो. लहान मूल आणि वयस्कर माणूस सोबत असेल तर थांबत-थांबत तासाला 2 किलोमीटर धरा. म्हणजे जाऊन-येऊन 4 किलोमीटरच्या वाटेला दोन तास. त्यात खाणं आलं की अडीच. आपण मनात नेहमी कमी धरतो, त्यामुळे परतताना घाई होते आणि घाईत पाय मुरगळतात.

पहिल्या दिवशी गोल फेरी न निवडता त्याच वाटेनं जाऊन परत यायचं ठरवा. फेरीत निम्म्याहून पुढे गेलं की मागे फिरण्यात अर्थ उरत नाही. जाऊन-येऊनच्या वाटेत मात्र कुठूनही परतता येतं. आणि परतणं म्हणजे हार, ही भावना घरातल्या कर्त्या पुरुषानं आधी मनातून काढावी. ‘एवढं आलोच आहोत तर टोकापर्यंत जाऊच’ या वाक्यानं कितीतरी सहली बिघडल्या आहेत. निघण्याआधीच सांगून टाका: कुणीही एकानं ‘पुरे’ म्हटलं की सगळे मागे वळणार. गंमत म्हणजे हे ठरलेलं असलं की ‘पुरे’ सहसा कुणी म्हणत नाही.

मुलांना निसर्गसौंदर्य दिसत नाही. त्यांना पूल दिसतो, डबकं दिसतं, उडी मारायचा दगड दिसतो. म्हणून चालायचं ठिकाण निवडताना शेवटी किंवा मध्ये पाणी आहे का ते बघा. दहा मिनिटं दगड फेकू द्या. नकाशा त्यांच्याच हातात द्या. केशरी वेष्टनाचा ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, मॅलमसाठी त्याचा क्रमांक ओएल 2. त्यात 4 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 1 किलोमीटर. हिरव्या तुटक रेषा म्हणजे हक्काच्या वाटा. काळ्या तुटक रेषा म्हणजे वाट आहे, पण त्यावर हक्क असेलच असं नाही. शेतांचे गडगेसुद्धा त्यात बारीक काळ्या रेषांनी दाखवलेले असतात. ‘आपण किती गडगे ओलांडले?’ हे मोजत गेलं की आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही आपण नकाशावर कुठे आहोत ते सांगता येतं. मोबाइलवर ॲप असलं तरी खोऱ्यात रेंज जाते, म्हणून कागद बरोबर असू द्या.

ज्येष्ठांसाठी दोन गोष्टी. चढापेक्षा उतार गुडघ्यांना जड जातो, म्हणून हातात काठी द्या. ‘मी काय म्हातारा झालो?’ हे ऐकून घेऊ नका. आणि बीपी-साखरेच्या गोळ्या कॅरॅव्हॅनमध्ये ठेवून निघू नका, खिशात असू द्या.

आणखी एक, आणि हे पुरुषांनी वाचावं. कॅरॅव्हॅनमध्ये स्वयंपाकघर आहे याचा अर्थ घरातल्या बाईनं तिथेही पोळ्या लाटत बसायचं असा होत नाही. ‘तुम्ही फिरून या, मी तोवर जेवणाचं बघते’ असं ती म्हणाली तर निघू नका. चालायच्या दिवशी ब्रेड, चीज, काकडी, घरून आणलेला चिवडा आणि थर्मासमध्ये चहा एवढं भागतं. संध्याकाळी मुगाची खिचडी लावा, आणि ती ज्यानं लावायची त्याचं नाव सकाळीच ठरवा.

पायात काय, पाठीवर काय

सामानाचं फार अवडंबर नको. रबरी पकडीचे बूट हवेत. सपाता, चपला, गुळगुळीत तळाचे फॅन्सी शूज नकोत. जीन्स घालू नका, ती भिजली की वाळत नाही आणि अंगाला गारठा चिकटतो. इथला पाऊस आपल्या आषाढासारखा कोसळत नाही, पण दिवसातून चारदा येतो. म्हणून प्रत्येकाला पाणी न शिरणारं जाकीट हवंच, छत्री वाऱ्यात उलटते. ऊन पडलं असलं तरी एक स्वेटर जास्तीचा घ्या. मुलांचे मोज्यांचे जोड दोन. पाणी, सुका खाऊ, चिमटा, बँडेड, शिट्टी आणि कचऱ्याची रिकामी पिशवी. निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज बघा आणि सूर्यास्ताची वेळ बघा. जूनमध्ये उत्तर इंग्लंडात रात्री साडेनऊच्या पुढेही उजेड असतो. ऑक्टोबरअखेरीस घड्याळं मागे गेली की संध्याकाळी पाचच्या आत सूर्यास्त. ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला दुपारी तीनला निघालेलं कुटुंब अडचणीत येतं ते याच कारणानं.

गाय, गोचीड आणि 999

डेल्समध्ये वाघ-बिबटे नाहीत. जपायचं ते दोन गोष्टींना, आणि दोन्ही साध्या दिसतात.

एक गाय. आपल्याला गाय दिसली की हात जोडायची सवय. जरूर जोडा, पण लांबूनच. वासरू सोबत असलेली गाय तापट असते. तिच्या आणि वासराच्या मधून जाऊ नका, मुलांना धावू-ओरडू देऊ नका, सेल्फीसाठी जवळ जाऊ नका. कळप वाटेतच बसला असेल तर वाट सोडून लांबून वळसा घालायला हरकत नाही, नंतर परत वाटेवर या. कुत्रा सोबत असेल तर पट्ट्यात ठेवा. पण गाय अंगावर आलीच तर पट्टा सोडून द्या. तिचा राग कुत्र्यावर असतो, आणि कुत्रा तुमच्यापेक्षा वेगानं पळतो.

दुसरी गोचीड. नेच्याच्या झुडपांतून आणि उंच गवतातून ती अंगावर चढते, तिळाएवढी असते, चावल्याचं कळत नाही. तिच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. संध्याकाळी आंघोळीच्या वेळी मुलांच्या गुडघ्यांच्या मागे, काखेत, केसांच्या कडेला बघा. सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, काडीचा चटका असले घरगुती उपाय करू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल पसरत जाणारा लालसर चट्टा उठला किंवा तापासारखं वाटलं तर डॉक्टरांना दाखवा आणि गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

कुणी पडलं, पाय मोडला, वाट चुकून अंधारलं, तर 999 लावा, आधी पोलीस मागा आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यूची मागणी करा. हे काम स्वयंसेवक करतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. फोन लागत नसेल तर मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवा, मिनिटभर थांबा, पुन्हा वाजवा. ही खूण डोंगरातल्या लोकांना कळते.

चार रीतीभाती

फाटक उघडं सापडलं तर उघडं ठेवा, बंद सापडलं तर बंद करा. कुणाची तरी जनावरं त्यावर अवलंबून असतात. एप्रिलमध्ये मेंढ्या व्यायलेल्या असतात. कोकराला उचलून घ्यायचा मोह आवरा. संत्र्याची सालं आणि केळीची सालंसुद्धा पिशवीत परत आणा. जॅनेट्स फॉसजवळच्या ओंडक्यांत लोकांनी नाणी ठोकलेली दिसतील, त्याचं अनुकरण करू नका. माळावर शेगडी पेटवू नका. आणि ब्लूटूथ स्पीकर कॅरॅव्हॅनमध्येच राहू द्या. आपल्याला गाणी आवडतात म्हणून खोऱ्यातल्या सगळ्यांना ती आवडतीलच असं नाही.

वाटेत भेटणाऱ्याला ‘हॅलो’ म्हणायची इथे पद्धत आहे. शहरात कुणी कुणाकडे बघत नाही, पण शेताच्या वाटेवर सगळे बोलतात. आई-बाबांना हे आधी सांगून ठेवा. इंग्रजी जेमतेम असलं तरी नमस्काराला हसून उत्तर मिळतं आणि घरकोंडीनं कंटाळलेल्या माणसाला तेवढ्यानंही बरं वाटतं.

चढच झेपत नसेल तर

काही घरांत चाकाची खुर्ची असते, काही घरांत जुळ्यांची बाबागाडी. त्यांनी सुट्टीची जागा निवडताना जुन्या रेल्वेमार्गांच्या वाटा शोधाव्यात. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ चढवत नसे, म्हणून रूळ टाकताना चढ सौम्य ठेवलेला होता, आणि रूळ निघाले तरी तो तसाच राहिला. पीक डिस्ट्रिक्टमधली मॉन्सल ट्रेल ही अशीच साडेआठ मैलांची वाट, बोगद्यांतून जाणारी. लेक डिस्ट्रिक्टमध्ये केझिक ते थ्रेलकेल्ड ही तीन मैलांची वाट डेसमंड वादळात पूल वाहून गेल्यावर 2020 मध्ये पुन्हा खुली झाली. दुसरा पर्याय कालव्याकाठचा. लीड्स-लिव्हरपूल कालवा 127 मैलांचा आहे, तो स्किप्टनमधून आणि गारग्रेव्हमधून जातो. काठाची वाट जवळपास सपाट. फक्त पाणी लगत असतं, तेव्हा बाबागाडीचा ब्रेक आणि धावतं मूल दोन्ही सांभाळा.

आता राहिलं बुकिंग. बरीच पार्कं साधारण मार्च ते ऑक्टोबर चालू असतात आणि शाळांच्या सुट्टीतल्या जागा लवकर जातात. फोन कराल तेव्हा पोहण्याचा तलाव आहे का, वायफाय आहे का, हे विचाराच. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा. पार्काच्या फाटकातून थेट पायवाट निघते का? की आधी फुटपाथ नसलेल्या गाडीरस्त्यावरून चालावं लागतं? आणि बाबागाडीनं किंवा काठी टेकत जाता येईल अशी जवळची वाट कुठली? तिथं काम करणारी माणसं बहुतेक त्याच भागातली असतात. कुठे चिखल होतो, कुठल्या शेतात सध्या वळू सोडलाय, हे त्यांना माहीत असतं आणि विचारलं की ती आनंदानं सांगतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर तिथेच बुकिंग करा. आणि सहलीचं वेळापत्रक लिहायला बसाल तेव्हा मधल्या एका दिवसासमोर ठिकाणाचं नाव लिहू नका, ‘पायी’ एवढंच लिहा.